बदलायचा की उघडायचा? : एका गिअरबॉक्सची केस हिस्टरी

दरवर्षी स्मरणिकेची वेळ आली की संपादक महाशयांचा दूरध्वनी येतो आणि दरवर्षी मी लसीकरण, अतिसार किंवा पहिल्या सहा महिन्यांतील स्तनपान यांपैकी एखाद्या विषयावर चार पाने लिहून सुटका करून घेतो. हे लेख व्यवसायबंधू वाचत नाहीत, कारण त्यांना ते सारे ठाऊक असते. आणि समाजातील इतर मंडळी वाचत नाहीत, कारण त्यांची मुले केव्हाच मोठी झालेली असतात. म्हणून यंदा एका निराळ्याच रुग्णाची हकीकत सादर करीत आहे. रुग्णाचे वय आठ वर्षे, वजन सुमारे बाराशे किलो, मुख्य तक्रार : 'गरम झाल्यावर ओढत नाही'. रुग्ण म्हणजे माझी मोटार. आणि आजार तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा.

थोडा पूर्वेतिहास सांगणे आवश्यक आहे. केएमसीमधून, म्हणजे नंतरच्या किम्समधून, एम.डी. होऊन मी गोकुळ रोडवर दवाखाना थाटला, त्यानंतर दोन वर्षांनी, १९९८ साली, पहिली गाडी घेतली. ती सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होता आणि पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडायला तयार नसे. दर दोन वर्षांनी तो गिअरबॉक्स उतरे. गॅरेजसमोरच्या झाडाखाली पोते अंथरून आमचे मेस्त्री त्याचे दात मोजीत बसत, झिजलेली बेअरिंग आणि एखादी रिंग बदलीत आणि संध्याकाळी गाडी घरी येई. 'गिअरबॉक्स नवा टाका' हे वाक्य त्या झाडाखाली मी कधी ऐकले नाही. नवा कुठून आणणार, आणि कशासाठी?

२००९ साली स्कूटरवरून पडून माझ्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया उत्तम झाली, तथापि हुबळीच्या रहदारीत दिवसातून दोनशे वेळा क्लच दाबण्याची त्या गुडघ्याची तयारी राहिली नाही. म्हणून २०१४ साली ऑटोमॅटिक गाडी घेतली. (त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आमचे हुबळी सरकारदरबारी 'हुब्बळ्ळी' झाले. मी आपला अजून जुन्याच नावावर आहे.) गाडीची कंपनी कोणती हे सांगत नाही, तिचा या कथेतील दोष फार मोठा नाही आणि माझा थोडा अधिक आहे, हे पुढे कळेलच.

आता घटना. जुलै २०२२. धारवाडच्या एका नर्सिंग होममधून रात्री नऊच्या सुमारास बोलावणे आले. बाळाने जन्मताच मेकोनियम गिळले होते आणि श्वास नीट घेत नव्हते. मी गोकुळ रोडच्या टोकाने विमानतळ ओलांडून बायपासला लागलो आणि वेळेवर पोहोचलो. बाळ अर्ध्या-पाऊण तासात रडू लागले, साडेअकराला मी परत निघालो. पाऊस धो धो कोसळत होता. इटिगट्टीच्या अलीकडे एका ट्रकला ओलांडण्यासाठी मी पाय दाबला आणि इंजिनाने टाहो फोडला. काटा पाच हजारांवर गेला, पण गाडी पुढे जाण्याऐवजी मंदावू लागली. इंजिन आणि चाके यांचा संबंधच जणू तुटला. मागून दुसऱ्या ट्रकचे दिवे आरशात मोठे होत होते. कसाबसा डावीकडे सरलो. मग एक झटका बसला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरमध्ये, चाळीसच्या वेगाने, सारे दिवे लुकलुकत हुबळीपर्यंत सरपटत आली.

त्या रस्त्याचे नाव घेतले की आपल्यापैकी अनेकांना १५ जानेवारी २०२१ ची पहाट आठवेल. दावणगेरेहून गोव्याला निघालेल्या मैत्रिणींच्या टेम्पो ट्रॅव्हलरची टिपरशी इटिगट्टीजवळच टक्कर झाली. मृतांमध्ये आपल्या व्यवसायातील भगिनीही होत्या. तो बायपास तेव्हा दोनपदरी होता. दुभाजक नाही, चुकीला जागा नाही. रुंदीकरणाचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले. त्या रात्री मला वारंवार एकच गोष्ट जाणवत होती, की हे येताना घडले. जाताना घडले असते, तर त्या बाळाला कोणी पाहिले असते?

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तर ती एखाद्या आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखी वागली. ओपीडीत आणल्यावर ताप उतरलेल्या मुलासारखे हे होते. आईने शपथेवर सांगावे की रात्री अंग भाजत होते, आणि थर्मामीटरने साडेअठ्ठ्याण्णव दाखवावे.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावण्यात आला. कोड निघाला पी-०७३३, म्हणजे तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर चुकते आहे. इंजिन जितके फेरे देते त्या मानाने चाके फिरत नाहीत. मधे कुठेतरी घसरते आहे. सल्ला तत्काळ मिळाला : पूर्ण गिअरबॉक्स बदला. किंमत करांसह चार लाख वीस हजार, सुटा भाग यायला तीन-चार आठवडे, हमी एक वर्षाची. मी विचारले, 'उघडून पाहता येणार नाही का?' तरुण सल्लागार नम्रपणे म्हणाला, 'सर, आम्ही उघडत नाही. कंपनीचे धोरण असेंब्ली बदलण्याचे आहे.' त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. प्रत्येक शहरात गिअरबॉक्स उघडून बसवणारा निष्णात माणूस ठेवणे कोणत्याही कंपनीला अवघड आहे; पेटी बदलणारा माणूस ठेवणे सोपे. विम्याचा प्रश्नही नव्हता, कारण आपल्या नेहमीच्या मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. वाढीव वॉरंटी मी तीन वर्षांपूर्वी, 'गाडी तर छान चालली आहे' असे म्हणून, घेतली नव्हती.

गाडीची बाजारातील किंमत त्या वेळी साडेतीन लाख होती. म्हणजे अवयवाचे मोल रुग्णापेक्षा अधिक!

येथे वाचकांसाठी ही पेटी काम कशी करते ते थोडक्यात सांगतो. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवा, एक सुरू करा; दुसरा त्याच्या वाऱ्याने फिरू लागेल. वाऱ्याच्या जागी तेल घाला, मधे तेलाचा प्रवाह वळवणारे एक स्थिर चक्र बसवा, की झाला टॉर्क कन्व्हर्टर. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. मोटारींत सर्वसामान्य ग्राहकाला स्वयंचलित गिअर मिळाले ते १९३९ साली, जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिकमुळे. टॉर्क कन्व्हर्टरच्या मागे ग्रहमालेसारखी फिरणारी दंतचक्रे असतात. कोणते चक्र धरायचे आणि कोणते सोडायचे हे तेलात बुडालेल्या चकत्यांचे क्लच ठरवतात, आणि कोणत्या क्लचला केव्हा तेलाचा दाब द्यायचा हे व्हॉल्व्ह बॉडी नावाचा भुलभुलैया ठरवतो. त्यावर आता संगणकाचा अंमल असतो. म्हणजे तेल हेच येथे रक्त, तेच संदेशवाहक, तेच थंडावा देणारे. तेल तापून बिघडले की सीलचे रबर कडक होते, दाब गळतो, क्लचच्या चकत्या घट्ट न धरता घासू लागतात, त्यातून आणखी उष्णता होते आणि तेल आणखी बिघडते. हे दुष्टचक्र आपल्याला परिचयाचे आहे. आणि त्या रात्री गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, तो बिघाड नव्हता. संगणकाने स्वतःहून घेतलेला बचावाचा पवित्रा होता. हृदयाचा मुख्य पेसमेकर थांबला की खालचा एखादा भाग तीस-चाळीसच्या गतीने का होईना, गाडा ओढत राहतो, तसेच.

मग मी आमच्या जुन्या मेस्त्रींकडे गेलो. पोते अंथरणाऱ्या मेस्त्रींचा मुलगा आता गोकुळ रोडच्या औद्योगिक वसाहतीत गॅरेज चालवतो. झाड गेले, दुहेरी लिफ्ट आली. हा परिसर नीट पाहिला तर दुरुस्तीचे एक गावच आहे. किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना याच रस्त्यावर. बेळगावात १८८८ साली सायकलच्या दुकानापासून सुरू झालेल्या त्या घराण्याची एक शाखा पुढे टोयोटाशी जोडली गेली, आणि बिडदीला २००२ साली स्थापन झालेल्या त्यांच्या संयुक्त कारखान्यात मोटारींचे गिअरबॉक्स तयार होऊ लागले, ही गोष्ट आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसते. असो.

मेस्त्रींनी स्कॅनर बाजूला ठेवला आणि मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. 'डाक्टर्र, थंड असताना होतंय का गरम असताना?' गरम असताना. 'रिव्हर्स टाकल्यावर लगेच पकडतो, का थांबून धक्का देतो?' मी आठवू लागलो. होय, गेले दोन महिने दवाखान्यातून गाडी मागे घेताना एक श्वास थांबावे लागे; मी ते वयावर ढकलले होते. 'पाचवा?' बायपासवर ऐंशीच्या पुढे कधी कधी गुरगुरते. ते हसले. 'नोड्री, तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स. ह्या बॉक्समध्ये तिघांना एकच क्लच आहे. पहिला, दुसरा, चौथा, सहावा बरा आहे ना? मग सगळा बॉक्स कशाला मारायचा?'

वाचकहो, मला क्षणभर वॉर्डातल्या फेरीची आठवण झाली. आमचे सर हेच शिकवीत : तीन लक्षणे दिसली की तीन आजार शोधू नका, तिन्ही नसा जिथे एकत्र येतात ती जागा शोधा. पंधरा मिनिटांत, एकही स्क्रू न काढता, या माणसाने व्याधीचे स्थान सांगितले होते. ज्यांना इतिहास घेण्याचा कंटाळा येतो आणि जे थेट एमआरआय लिहून देतात, अशा आमच्या काही तरुण मित्रांना मी त्यांच्याकडे पंधरा दिवस पाठवू इच्छितो.

परंतु त्यांनी आश्वासन मात्र दिले नाही. तेलाचे पॅन खाली घेतले. तळाच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप होता. ते नेहमीच्या झिजेचे लक्षण. धातूचे तुकडे किंवा पितळेचा चुरा असता तर दंतचक्रे वा बेअरिंग गेली असे समजावे लागले असते. तेल मात्र लाल राहिले नव्हते, काळपट तपकिरी झाले होते, आणि त्याला जळक्या टोस्टचा वास होता. त्यांनी पर्याय मांडले. व्हॉल्व्ह बॉडी आणि तेल बदलले तर साठ-पासष्ट हजार, पण क्लच जळला असेल तर पैसे पाण्यात. पूर्ण उघडून सील, चकत्या आणि गॅस्केटचे किट टाकले तर एक लाख पस्तीस हजार, हमी सहा महिन्यांची. बंगळुरूच्या जे. सी. रोडच्या बाजारातून अपघातग्रस्त गाडीचा जुना बॉक्स आणला तर नव्वद हजार. त्या तिसऱ्या पर्यायाविषयी ते स्वतःच म्हणाले, 'त्याने काय काय सोसलंय ते आपल्याला कोण सांगणार?' रक्तगट न तपासता बाटली लावण्याचाच तो प्रकार होता.

आता मी खऱ्या पेचात पडलो. मुलीचे पदव्युत्तर शिक्षणाचे शुल्क त्याच ऑगस्टमध्ये भरायचे होते. सौ. व्यवसायाने भूलतज्ज्ञ असल्यामुळे तिचा निर्णय नेहमी जलद असतो. ती म्हणाली, 'अहो, विकून टाका आणि दुसरी घ्या. तुम्ही रात्री त्या गाडीतून गेलात की मला झोप लागणार नाही.' तिचे म्हणणे रास्त होते. एका परिचित दलालाला बोलावले. त्याने गाडी पाहिली, अडचण ऐकली आणि आवाज खाली आणून म्हणाला, 'साहेब, कोड पुसून टाकू. सकाळी थंड असताना दाखवू. दहा मिनिटांच्या फेरीत काही कळत नाही.' गिऱ्हाईकही त्याच्याजवळ तयार होते : किम्समध्ये माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा. आता नवलगुंदकडे नोकरीला लागलेला, पत्नी गरोदर, बजेट तीन लाख, ऑटोमॅटिक हवी. डॉक्टरांची गाडी म्हटल्यावर त्याने डोळे मिटून घेतली असती.

मी लगेच 'नाही' म्हणालो असे लिहिले तर ते खोटे ठरेल. मी 'उद्या सांगतो' असे म्हणालो. आणि त्या रात्री मी मनाशी सारे युक्तिवाद करून पाहिले : जुनी गाडी घेणाऱ्याला धोका ठाऊकच असतो, कदाचित वर्षभर काही होणारही नाही, मी खोटे थोडेच बोलणार आहे, फक्त सकाळी दाखवणार आहे. पहाटे मला त्या दोघांची गाडी कळा सुरू झाल्यावर नवलगुंदच्या रस्त्यावर काट्याने पाच हजार दाखवीत थांबलेली दिसली. सकाळी दलालाला नको म्हणून कळवले. खरी अडचण सांगून विकायचे ठरवले तर दीड लाखावर कोणी बोलेना.

म्हणजे उरले दोन : चार लाख वीस हजारांचा नवा, की एक लाख पस्तीस हजारांची शस्त्रक्रिया. मन नव्याकडे झुकत होते. नवा म्हणजे चिंता मिटली, असा आपला एक संस्कार झाला आहे. त्याला तडा गेला तो दोन गोष्टींनी.

पहिली गोष्ट दवाखान्यात घडली. माझ्या एका बालरुग्णाचे आजोबा आमच्या बस महामंडळाच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ १९९७ साली स्थापन झाले आणि त्याचे मध्यवर्ती कार्यालय आमच्याच गोकुळ रोडवर आहे. नातवाची छाती तपासता तपासता मी त्यांना माझा प्रश्न विचारला : बसचा गिअरबॉक्स गेला तर तुम्ही बदलता की दुरुस्त करता? ते म्हणाले, 'दोन्ही.' बस थांबवून ठेवणे परवडत नाही, म्हणून बिघडलेला बॉक्स उतरवून आधीच तयार करून ठेवलेला दुसरा लगेच चढवतात. आणि उतरवलेला कार्यशाळेत उघडून, झिजलेले भाग बदलून, तपासून, पुन्हा रांगेत उभा करतात. तो उद्या तिसऱ्याच बसला लागतो. राज्य परिवहनाच्या मंडळांचा हा जुना शिरस्ता आहे, महाराष्ट्रात एस.टी.च्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा ठाऊक असलेल्यांना त्यात नवल वाटणार नाही. सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून हुबळीत चालत आलेल्या रेल्वे कार्यशाळेतही डबे ठरावीक मुदतीने येऊन उघडले जातात, बिघडण्याची वाट पाहिली जात नाही. मग आजोबांनी मला उलट प्रश्न केला : 'तुमचा का गेला ते बघितलं का? आमच्याकडे कारण लिहिल्याशिवाय दुसरा देत नव्हते.'

दुसरी गोष्ट जुनी आहे आणि ती मी सहसा कोणाला सांगत नाही. १९९४ साली मी निवासी डॉक्टर असताना कलघटगीकडची एक बारा वर्षांची मुलगी आमच्या वॉर्डात आली. संधिवाताच्या तापाने तिची मायट्रल झडप निकामी झाली होती आणि वर्षभरापूर्वी बंगळुरूला ती बदलून धातूची बसवण्यात आली होती. घरच्यांनी म्हैस विकून तो खर्च केला होता. 'नवी झडप बसली, आता पोर बरी झाली,' असे त्यांना वाटले. रक्त पातळ ठेवण्याची गोळी सुगीच्या दिवसांत संपली, ती पुन्हा आणायला कोणी हुबळीला आले नाही. झडपेवर गुठळी धरली होती. ती वाचली नाही. तिच्या वडिलांनी मला एवढेच विचारले, 'नवी होती ना हो?'

आपल्यातील जाणकारांना ठाऊक आहे की लहान मुलांत शक्य तेथे झडप दुरुस्त करण्याकडे शल्यविशारदांचा कल असतो. पॅरिसच्या आलँ कार्पांतिए यांनी १९८३ साली आपली दुरुस्तीची पद्धत मांडली, तेव्हापासून तो अधिकच वाढला. कृत्रिम झडप मुलाबरोबर वाढत नाही आणि तिच्यामागे जन्मभराची गोळी लागते. याचा अर्थ बदलणे वाईट असा मुळीच नाही. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली देशी झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम बसवली गेली, तिने किती जीव वाचवले आहेत हे आपण पाहतोच. परंतु दुरुस्त करा की बदला, दर तीन आठवड्यांचे पेनिसिलिन चुकले तर ताप पुन्हा येतो आणि उरलेल्या झडपांवर घाला घालतो. मूळ आजाराने आपण काय बसवले आहे ते पाहिलेले नसते.

मी मेस्त्रींना दूरध्वनी केला आणि आजोबांचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, 'उघडल्यावर सांगतो.' मी म्हणालो, 'उघडा.'

बॉक्स टेबलावर उघडला तेव्हा मी मुद्दाम हजर होतो. कपडा स्वच्छ, भाग उतरवलेल्या क्रमाने मांडलेले. आमच्या काही शस्त्रक्रियागृहांनी हेवा करावा. निदान अचूक ठरले. त्या एका क्लचच्या पिस्टनचे सील बांगडीसारखे कडक झाले होते. त्याच्या चकत्या काळ्या पडून त्यांचे अस्तर निघाले होते. शेजारच्या क्लचच्या चकत्या चांगल्या तपकिरी, खाचा शाबूत. दंतचक्रांना ओरखडाही नाही. मग मेस्त्रींनी रेडिएटरमधून जाणाऱ्या तेलाच्या नळीत हवा मारली आणि मला बोलावले. दुसऱ्या टोकाने जेमतेम फुंकर येत होती. तेल थंड करणारा कूलर आतून गाळाने अर्धाअधिक बुजला होता. तेल थंडच होत नव्हते. म्हणून सील भाजले, म्हणून दाब गळला, म्हणून क्लच जळला.

'नवा बॉक्स टाकला असता तर?' मी विचारले. 'तर त्याच बुजलेल्या कूलरला जोडला असता कोणी घाई केली असती तर. वर्षभराने पुन्हा माझ्याकडे.' अर्थात नीट काम करणारे सेंटर नवा बॉक्स टाकताना कूलर धुते किंवा बदलते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

आणि कूलर का बुजला? येथे माझा वाटा येतो. पुस्तिकेत लिहिले होते की सर्वसाधारण वापरात तेल बदलण्याची गरज नाही. मी तेवढेच वाचून पुस्तिका मिटली. त्याच पानावर खाली, बारीक अक्षरांत, 'कठीण वापर' असल्यास मुदतीने बदलावे असे होते. आणि कठीण वापर म्हणजे काय, तर उष्ण हवामान, थांबत-थांबत चालणारी रहदारी, छोटी अंतरे. होसूर सर्कलपासून माझ्या दवाखान्यापर्यंतच्या रस्त्याचे इतके नेमके वर्णन मी अन्यत्र वाचलेले नाही. शहाण्णव हजार किलोमीटर मी ते तेल तसेच ठेवले होते. पालकांनी औषधाचा कागद वाचला नाही म्हणून मी रोज रागावतो.

एकूण बिल एक लाख त्रेपन्न हजार झाले. अठरा हजार कूलर आणि नळ्यांचे. जोडल्यावर मेस्त्रींनी स्वतः मला शेजारी बसवून तापलेल्या गाडीने बायपासवर दोन फेऱ्या मारल्या. तिसरा गिअर लोण्यासारखा पडला.

माझ्या प्रसंगावरून कोणी सरसकट 'उघडाच' असा निष्कर्ष काढू नये, कारण सगळ्या ऑटोमॅटिक पेट्या एका जातीच्या नसतात. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओबरोबर आलेला एएमटी हा मुळात साधाच गिअरबॉक्स. क्लच दाबणारा यांत्रिक हात तेवढा वेगळा, त्यामुळे त्याची दुरुस्ती तुलनेने सोपी. सीव्हीटीत दोन कप्प्यांमध्ये फिरणारा पोलादी पट्टा असतो. त्याला चरे पडले की बहुधा पूर्ण संच बदलणेच शहाणपणाचे. दुहेरी क्लचच्या गाड्यांत नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक भाग महाग पडतो. तेथे आधी हे पाहावे, की कंपनीनेच काही दोष मान्य केला आहे काय. फोक्सवॅगनने २०१३ साली सात गिअरच्या अशा पेटीचे तेल बदलण्यासाठी जगभरातील सुमारे सोळा लाख गाड्या बोलावल्या होत्या. अमेरिकेत फोर्डच्या फिएस्टा आणि फोकसबाबतचा ग्राहकांचा सामूहिक दावा २०२० साली तडजोडीने मिटला. आणि चुंबकावर धातूचे तुकडे सापडले, पेटी फुटली, किंवा उघडणारा हात खात्रीचा नसला, तर चार लाखांचा नवा बॉक्सच स्वस्त. आमच्या मेस्त्रींनी मागल्या वर्षी एका सहकाऱ्याची गाडी तपासून 'ही मी उघडत नाही, नवा टाका' असे सांगून परत पाठवली. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावरील विश्वास दुप्पट झाला.

माझी गाडी आता दीड लाख किलोमीटरकडे आली आहे. दर चाळीस हजारांना तेल बदलतो. तारीख डॅशबोर्डवर, लसीकरणाच्या तक्त्यावर लिहावी तशी, लिहून ठेवली आहे. सौ. अजूनही मी बायपासला लागल्यावर एकदा दूरध्वनी करते.

आमच्या त्या नवलगुंदच्या विद्यार्थ्याने पुढे दुसरी गाडी घेतली. मुलगी झाली त्याला. गेल्या महिन्यात तो तिला लसीसाठी घेऊन आला होता. माझ्या टेबलावर त्या जळालेल्या क्लचची एक चकती आहे, कागदांवर वजन म्हणून ठेवलेली. काळी, पातळ, आतून दातेरी. मुलीने ती उचलली, तिच्यातून माझ्याकडे पाहिले आणि बापाला विचारले, 'पप्पा, ही कुणाची बांगडी?' तो म्हणाला, 'सरांच्या गाडीची.' त्याने पुढे काही विचारले नाही. मी सुई तयार करायला घेतली.